जेवल्या घरची वसुली

आमचा धंदा मिरचीचा. नंदुरबारच्या बाहेर पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानावर, मिरची वाळते, बायका देठ खुडतात, कांडपावर तिखट होतं आणि दुकानातून ते जिल्हाभर जातं. हंगामात सगळं गाव शिंकतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा शिंकून शिंकून माझे डोळे असे सुजले होते की, पोरीच्या मनाविरुद्ध लग्न लावलंय, असं शेजारणींनी ठरवूनच टाकलं. नवरा चांगला आहे. फक्त त्याला माणसांपेक्षा मिरची जास्त आवडते. तो सकाळी पथारीवर जातो आणि मिरचीच्या रंगाचा होऊन घरी येतो. त्यामुळे दुकानाची गादी सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, सांभाळली, आणि त्यांचे गुडघे बोलायला लागल्यावर ती हळूहळू माझ्याकडे सरकली. पुरती आली नाही. मी गादीवर बसायचे आणि बाबूजी मागच्या लोडाला टेकून माझ्या मानेकडे बघत बसायचे.

मिरची विकायला अक्कल लागत नाही, उधारी द्यायला लागते. आमच्याकडे रोखीने घेणारा म्हणजे पाहुणा. बाकी सगळे खानावळवाले, लोणचंवाल्या बाया, लग्नाचे आचारी, ढाबेवाले, आज माल नेणार आणि पैसे देव त्यांना बुद्धी देईल तेव्हा देणार. बुद्धी देण्याच्या बाबतीत देवाला घाई नसते हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

बाबूजींचे आजोबा राजस्थानातून इकडे आले. येताना त्यांनी एक लोटा आणला असं घरात सांगतात. माझ्या मते लोट्याबरोबर उधारीचे नियमही आणले असावेत, कारण बाबूजींकडे ते ढिगाने होते. जो भाव करत नाही त्याला उधार देऊ नये, कारण ज्याला द्यायचेच नाहीत तो घासाघीस कशाला करेल. जो मालाची तारीफ करतो त्याच्याकडून रोख घ्यावेत. जो 'उद्या देतो' म्हणतो तो आठवड्याने देतो, 'परवा' म्हणतो तो महिन्याने, आणि जो 'शेठ, पैसे काय पळून जातात का' म्हणतो त्याचे पैसे पळून गेलेले असतात. मला हे सगळं बुवाबाजीसारखं वाटायचं. पण दुकान चालत होतं, आणि बँकेच्या साहेबाचं गठ्ठाभर कागद मागूनही कर्ज बुडतं आणि बाबूजींचं एकाही कागदाशिवाय पोतं बुडत नव्हतं, म्हणून मी तोंड बंद ठेवायचे. तोंड बंद ठेवणं मला जमत नाही, पण प्रयत्न करायचे.

त्यांची वसुली बघण्यासारखी होती. ते बाकीदाराच्या घरी जायचे, ओसरीवर बसायचे आणि पैशाचं अवाक्षर काढायचे नाहीत. कापूस, ऊस, पोरांची शाळा, म्हशीचं दूध, सगळं विचारायचे. घरातली बाई ताट वाढायला घ्यायची. बाबूजी हात जोडायचे. आम्ही जैन, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर तर पाण्याचाही विचार करावा लागतो. बरं, चहा? चहाही नको, पित्त होतं. साधं पाणीसुद्धा ते घरून बाटलीत न्यायचे. शेवटी घरच्यांनाच कानकोंडं व्हायचं. आलेला माणूस तसाच बसलाय, काही घेत नाही, काही मागत नाही. खानदेशातल्या घराला याहून मोठी शिक्षा नाही. तासाभरात कुणीतरी आत जायचं आणि पैसे घेऊन बाहेर यायचं.

मला कितीतरी वर्षं वाटत होतं की हा धर्म आहे.

त्या वर्षी माघात एका आचाऱ्याने आमच्याकडून तिखट उधार नेलं. म्हसावदचा माणूस, तीस-चाळीस गावांच्या लग्नांत त्याच्याच हातची शेवभाजी. पोट एवढं की कढईजवळ उभा राहिला की कढई लहान वाटायची. त्याने भावासाठी माझा सगळा सकाळचा वेळ खाल्ला, एका रुपयासाठी दोनदा दुकानातून उठून गेला आणि दोनदा परत आला. मागून बाबूजी खोकले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ, दे याला. पण मी आधीच दिलं होतं. माझ्या मर्जीने, त्यांना न विचारता दिलेली ती पहिली मोठी उधारी होती, म्हणून मी अभिमानाने गादीवर जरा जास्तच ताठ बसले.

फाल्गुन गेला, चैत्र लागला, पैसे आले नाहीत. निरोप पाठवला तर उलटा निरोप आला की मिरची फिकी निघाली.

नंदुरबारच्या मिरचीवाल्याला असं म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. चोर म्हणा, लबाड म्हणा, वजनात मारतो म्हणा, आम्ही ऐकून घेऊ. फिकी म्हणालात तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरत नाही. मी चौकशी केली. कळसाडीला एका ऊसवाल्या बागायतदाराच्या पोरीचं लग्न झालं होतं, नवरदेवाकडचे सुरतेला स्थायिक झालेले, पण मूळ इकडचेच. पंगत बसली, शेवभाजी वाढली गेली, आणि नवरदेवाच्या बापाने दोन घास खाऊन भर पंगतीत मुलीच्या बापाला ऐकवलं, "इवाई, आमनी सुरतनी खमणी बी यानापेक्षा तिखी ऱ्हास."

खमणी म्हणजे तिकडचा गोडसर नाश्ता, तेव्हा ही शिवी होती. आमच्याकडे लग्नाच्या भाजीने पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं नाही तर मुलीचा बाप कंजूस ठरतो. बागायतदार जळून खाक झाला. त्याने आचाऱ्याचे पैसे अडवले, आचाऱ्याने आमचे अडवले, आणि कारण म्हणून प्रत्येकाने आपल्या मागच्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या मागे, रांगेच्या शेवटी, मी बसले होते.

बाबूजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होईपर्यंत तू हे मिटव. कोर्टाची पायरी चढायची नाही, भांडायचं नाही, गिऱ्हाईक तोडायचं नाही आणि पैसे सोडायचे नाहीत. जमलं तर गादी तुझी. नाही जमलं तर उधारी मी पुन्हा माझ्याकडे घेतो. उधारीशिवाय गादी म्हणजे नुसतं तिखट मोजून देणं. ते तर काट्यालाही येतं. मला गादी हवी होती. वर स्वयंपाकघरात जाऊन बेसनाचे गट्टे वळण्यापेक्षा खाली बसून माणसं ओळखणं मला आवडायला लागलं होतं, आणि जे आवडतं ते कुणी काढून घेतो म्हटलं की मी वाईट माणूस होते.

आधी मी वकिलाचा विचार केला. बाबूजींना न सांगता, नुसती नोटीस पाठवून घाबरवू म्हटलं. आमच्या ओळखीचा एक वकील आहे. त्याच्या घराकडे निघाले आणि अर्ध्या रस्त्यात आठवलं की लोणच्याच्या तिखटाची त्याचीच बाकी आमच्याकडे तीन वर्षं पडलीये. त्याने नोटीस फुकट लिहिली असती, बाकी फेडली म्हणाला असता, आणि वरून आणखी पाच किलो नेलं असतं. मी परत फिरले.

मग म्हसावदला गेले. आचाऱ्याचं घर गावाच्या टोकाला, अंगणात उलट्या घातलेल्या कढया. तो घरी नव्हता, बायको होती. मी ठरवलं होतं की बाबूजींसारखं गप्प बसायचं. बाई माझ्याकडे बघून हसली, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पुढे वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "मन्हा घर उनात नि उपाशी जाशात का?" भरताला नुकताच धूर दिलेला होता. मी माणूस आहे. माझं माहेर जळगावकडचं, आमच्याकडे कांदा-लसूण चालतो आणि सासरी तो वर्षानुवर्षं मिळालेला नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तेवढ्यात आचारी आला. ताटाकडे बघून खूश झाला. आता मी त्याच्या घरचं खाऊन, हात न वाळवता, त्याला पैसे मागणार? तोंडच उघडेना. त्याने आपण होऊन सांगितलं, "भाभी, तुमनी मिरची फिकी निंघनी. त्यामुये मन्हा पैसा अडकना." हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, कढईकडे बघितलं. निघताना त्याने एक डबा हातात दिला. बाबूजींसाठी, कांदा-लसणाशिवाय, मुद्दाम वेगळ्या भांड्यात केलेलं.

डबा बाबूजींसमोर ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही, मला विचारलं, "जेवलीस?"

मी म्हटलं, आग्रह केला.

त्यावर ते जे बोलले त्याने माझी सगळी श्रद्धा ढासळली. म्हणाले की, बींदणी (सुनेला ते असंच म्हणतात), कांदा-लसणाचा नियम देवासाठी आहे, तो घरी. गिऱ्हाइकाच्या घरी पाणीही न पिण्याचा नियम धंद्यासाठी आहे. जिथे जेवलो तिथे मागता येत नाही. मी आयुष्यभर कुणाच्या घरी जेवलो नाही तो काय मोक्षाला जायचंय म्हणून?

डबा मी पथारीवरच्या बायकांना दिला. त्यांनी चाटूनपुसून खाल्ला आणि असा माणूस बुडवणारा असेल का म्हणून मलाच विचारलं.

दुसऱ्यांदा मी नवऱ्याला घेऊन गेले. तो कडक बोलेल असं वाटलं होतं. त्याने आचाऱ्याच्या अंगणात वाळत घातलेली मिरची हातात घेतली, ती कुठल्या शेतातली ते विचारलं, आणि मग दोघे मिरचीवर असे रंगले की मी मध्ये बोलले असते तर मलाच बाहेर काढलं असतं. जेवायला शेवभाजी होती. नवरा कांदा-लसूण विसरून दोनदा मागून जेवला. परतीच्या वाटेवर म्हणाला, माणूस चांगला आहे गं. मी त्याच्याशी नंदुरबारपर्यंत बोलले नाही. डबा मात्र मांडीवर होताच, बाबूजींसाठी, वेगळ्या भांड्यातला.

तिसऱ्यांदा मी जेवून गेले, पोट गच्च भरून. तिथे पुरणपोळी होती. ते जाऊ द्या.

पण त्या तिसऱ्या खेपेत मला एक गोष्ट खटकली. हा माणूस बुडवणारा असता तर त्याने आम्हाला टाळलं असतं. बुडवणारे मागच्या दाराने शेतात जातात, बायको सांगते शहाद्याला गेलेत. हा दर वेळी दारात उभा राहून स्वागत करत होता, ताट वाढत होता, आणि मिरची फिकी होती एवढंच वाक्य कढईकडे बघून म्हणत होता. शिवाय त्याच पोत्यातलं तिखट मी आणखी चार जणांना दिलं होतं, त्यातल्या एका खानावळवाल्याने तर जाळ झाला म्हणून तक्रार केली होती. मी बाबूजींना विचारलं. ते म्हणाले, रुपयासाठी दोनदा उठून जाणारा माणूस पैसे बुडवायला निघालेला नसतो. तो काहीतरी झाकतोय. काय, ते मला माहीत नाही, पण ते पैशाचं नाही.

मग मला युक्ती सुचली. ती माझी होती, हे लिहून ठेवते, कारण नंतर घरात सगळ्यांनी ती आपली म्हणून सांगितली. ज्या मिरचीवरून भांडण, तीच मिरची, त्याच माणसाच्या हाताने, ज्याने तक्रार केली त्याच्यासमोर पुन्हा शिजवायची. खाऊन ठरवू. तिखट निघाली तर आमचे पैसे दे, फिकी निघाली तर मी तोंड काळं करून परत जाते. आम्ही प्रत्येक पोत्याची वानगी, म्हणजे नमुन्याचं थोडं तिखट, डबीत बांधून ठेवतोच. त्या पोत्याचीही होती.

कळसाडीच्या बागायतदाराला मी हे सांगितलं तर तो एका पायावर तयार झाला. त्याला आपली अब्रू परत हवी होती आणि सुरतेचे व्याही आयतेच येणार होते. नवी नवरी पहिल्या आखाजीला माहेरी आली होती, झोके घेऊन झाले होते, गौराई बोळवून झाली होती आणि सासरचे तिला न्यायला येणार होते. आखाजी होऊन दोन दिवस वर गेले होते, पण बाबूजी म्हणाले की उधारीत दोन दिवस मोजायचे नसतात. ते स्वतःही जीपमध्ये बसले. पाण्याची बाटली बरोबर घेतली.

आचाऱ्याला निरोप मिळाला तेव्हा तो येणार नाही असं मला वाटलं. तो आला. मोठी कढई नाही, एक मध्यम पातेलं आणि एक झाकलेलं लहान भांडं घेऊन आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. पैजेला आलेल्या माणसाचा असा चेहरा नसतो.

बागायतदाराच्या अंगणात निंबाखाली चूल पेटली. एका बाजेवर व्याही आणि विहीणबाई, समोरच्या खुर्चीत बागायतदार, जरा लांब बाबूजी बाटली मांडीवर घेऊन. मी डबीचा दोरा सगळ्यांसमोर सोडला. आचाऱ्याने तिखट तळहातावर घेतलं, नाकाजवळ नेलं आणि मान खाली घातली. आता झाकलं जाणार नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मलाही कळलं. तेलात तिखट पडल्याबरोबर अंगणातली सगळी माणसं ठसकली, शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा. फिकी म्हणे.

पहिलं ताट व्याह्यांना. त्यांनी घास घेतला, थांबले, डोळे पुसले, पुन्हा घास घेतला. आता याला म्हणतात भाजी, असं काहीतरी ते पुटपुटले. बागायतदार उठून उभा राहिला आणि आचाऱ्याला विचारलं की मिरची हीच, हात हाच, मग माझ्या पोरीच्या लग्नात काय झालं होतं? माझ्या घरचं कार्य होतं म्हणून हात आखडलास, की माल वाचवून दुसरीकडे विकलास?

 आचारी चूल सारखी करत राहिला. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चार लोकांत तो लबाड ठरत होता, पुढचा सगळा लग्नाचा हंगाम त्याच्या हातून जाणार होता, आणि ते घडवून आणणारी मी होते. त्याच्या घरी तीनदा जेवून.

तेवढ्यात दुसरं ताट विहीणबाईंना गेलं. बाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. सगळे आचाऱ्याकडे बघत होते, म्हणून त्यांनी एक लहान घास घेतला हे कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यांनी हात छातीखाली दाबला आणि डोळे मिटले. आणि हाक नाही, खूण नाही, काही नाही, तरी आतून नवी नवरी धावत आली. तिच्या हातात दह्याची वाटी होती. आधीपासून काढून ठेवलेली. तिने सासूचं ताट बाजूला केलं, वाटी ओठांना लावली आणि पाठीवरून हात फिरवत बसली. रोजची सवय असल्यासारखी.



विहीणबाईंनी दही संपवलं. मग पदराने तोंड पुसून सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, लगनमा मन्हं पोट भरनं व्हतं. ते तूच करं व्हतं ना?"

पोरगी रडायला लागली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. विहीणबाईंच्या पोटात जखम होती, डॉक्टरने तिखट बंद केलं होतं. पण खानदेशी बाईला तिखट सोसत नाही म्हटल्यावर जाऊबाया जगू देत नाहीत, म्हणून त्या प्रत्येक कार्यात उपवास आहे सांगून कोरा भात खाऊन उठायच्या. साखरपुड्याला या पोरीने ते बघितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आचाऱ्याकडे गेली आणि भाजी फिकी कर म्हणाली. वेगळं भांडं करू नको, विचारतील कुणासाठी. आणि बापाला सांगू नको, तो गावभर सांगेल. यावर बागायतदाराने खाली बघितलं, कारण त्याने खरंच सांगितलं असतं.

बागायतदाराने आचाऱ्याला विचारलं की मग एवढे दिवस मला का नाही सांगितलंस. पैसे गेले, नाव गेलं.

"मी पोरले शबद देयेल व्हता," आचारी म्हणाला. मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच कढईकडे न बघता, त्याने हात जोडले. कुणाला तरी दोष द्यावाच लागत होता, माणसाला देण्यापेक्षा मिरचीला दिलेला बरा, मिरचीला वाईट वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मिरचीला नाही वाटत, मिरचीवालीला वाटतं. पण ते म्हणताना मीही हात जोडले होते, त्यामुळे त्यात काही धार राहिली नाही.

व्याही मात्र काही वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. विहीणबाईंनी त्यांना शांतपणे आठवण करून दिली की त्या दिवशी नावं ठेवत ठेवत तुम्ही दोन वाट्या संपवल्या होत्या. एवढ्या वर्षांत बायको चारचौघांत त्यांना पहिल्यांदाच असं बोलली असावी. ते हसले. दुसरं काय करणार.

बागायतदार आत गेला आणि आचाऱ्याचे पैसे घेऊन बाहेर आला. आचाऱ्याने तिथेच आमचे वेगळे केले आणि माझ्या हातात दिले. मागावे लागले नाहीत. मी ते बाबूजींना द्यायला गेले तर त्यांनी मान हलवली, तुझ्याकडेच ठेव म्हणून. ते आचाऱ्याच्या लहान भांड्याकडे बघत होते.

आचाऱ्याने झाकण काढलं. तुरीची डाळ, वर हिरवी कोथिंबीर, कांदा-लसूण नाही. तो संकोचून म्हणाला की बाबूजी घेणार नाहीत हे ठाऊक आहे, पण सवयीने केलं. दर वेळी डबा जायचा, आवडला का नाही ते कळलंच नाही. मी पायाखालच्या जमिनीने मला गिळावं म्हणून वाट बघत होते. पथारीवरच्या बायकांना फार आवडला, हे त्याला कसं सांगणार?

बाबूजींनी आकाशाकडे बघितलं. सूर्य उसाच्या वर चांगला दोन हात होता. त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि ताट मागितलं.

मी या घरात आल्यापासून त्यांना परक्या घरी जेवताना पाहिलं नव्हतं. ते हळूहळू जेवले. ठसका लागला, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. आचारी त्यांच्यासमोर उकिडवा बसून प्रत्येक घास बघत होता. बाबूजींनी पुन्हा डाळ मागितली. मग बागायतदाराच्या बायकोने दिलेलं पाणी प्यायले, त्यांच्या घरच्या तांब्याने.

 परत येताना जीपमध्ये ते म्हणाले, "बींदणी, या लोकांना जन्मभर तिखट विकलं. ते त्याचं करतात काय, ते आज कळलं." पुढे म्हणाले की आता याच्याकडे मागायला मला तोंड नाही, उद्यापासून तू बघ. मी म्हटलं, मी तर तीनदा जेवलेय. ते म्हणाले, म्हणूनच. आता उधार देतानाच तुला माणूस पारखावा लागेल.

सकाळी मी खाली आले तेव्हा मागचा लोड रिकामा होता. बाबूजी बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि शेजारी आचाऱ्याचा डबा. घासून लख्ख केलेला, परत द्यायचा. मी गादीवर बसले. त्यांनी बाकावरूनच मला विचारलं की म्हसावदला तिखट पुन्हा कधी जाणार आहे.

"मी बरोबर जातो," ते म्हणाले. "फक्त दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे."